सड्यावर वणवा लागला तर

आमची काजूची बाग सड्याला, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या माळाला लागून, म्हणून शिमग्याआधीच मी कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा बेणून, म्हणजे गवत-झुडपं कापून साफ करून ठेवतो. पातेरा, म्हणजे पडलेला वाळका पाला, तर झाडूनच काढायचा, आग त्यातूनच आत शिरते. भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पाला-कवळं जाळणं, सकाळीच उरका, पाणी जवळ ठेवून. दुपारी खारा वारा सुटल्यावर काडी ओढूच नका.

वणवा दिसला की वाडीत हाक द्या, गुरांची दावी सोडा, वनखात्याला १९२६ वर कळवा. विझवायला सुती कपडे आणि जांभळीचा ओला टाळ, म्हणजे पानांसकट फांदी. आग बाजूने दाबत झोडपा. टाळ उंच उचललात तर ठिणग्या उडतात. चढावर आगीच्या वरच्या अंगाला कधीच थांबू नका, ती माणसापेक्षा जोरात चढते. अडकलात तर जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर या. विझलेले ओंडके रात्री पुन्हा बघा, आतून धुमसत असतात.