चॅनेल स्कॅन करण्याआधी यादी पेनड्राइव्हवर घ्या

गुहागर-देवगडकडे सरीवर सर कोसळली की फ्री डिशचं चित्र फुटतं आणि घरातलं कुणीतरी रिमोट उचलून ‘ऑटो स्कॅन’ दाबतं. तेवढं करू नका. उपग्रहावरून डिशकडे येणारा केयू बँडचा (म्हणजे खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा) सिग्नल जोरदार पावसात क्षीण होतो. तेव्हा जे ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचे चॅनेल पाठवणारे संच) लागत नाहीत, त्यांच्यावरचे चॅनेल नव्या यादीत येतच नाहीत, आणि बऱ्याच सेट-टॉप बॉक्समध्ये जुनी यादीही पुसली जाते. बसा मग सह्याद्री शोधत! सर ओसरली की चित्र बहुतेक वेळा आपसूक येतं.

उघडीप असताना यादी साठवून ठेवा. यूएसबी असलेल्या अनेक बॉक्सच्या मेनूत तशी सोय असते. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅट केलेला बरा. मात्र शेजारच्यांच्या वेगळ्या मॉडेलची फाइल आपल्या बॉक्समध्ये घालायच्या फंदात पडू नका. सॉफ्टवेअरची तर नकोच नको, बॉक्स कायमचा बंद पडू शकतो.

फॅक्टरी रीसेट करावाच लागला तर मेनूत उपग्रह निवडा जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) युनिव्हर्सल असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा.

उन्हातही मेनूत सिग्नलची ‘क्वालिटी’ कमीच दिसली तर आधी एलएनबीचा कनेक्टर उघडून बघा. खाऱ्या हवेनं तो हिरवा पडलेला असतो.