ओस्टिओकॅल्सिन वाढत नाही? आधी या चुका तपासा

‘मॅडम, ड जीवनसत्त्व दिलं तरी ओस्टिओकॅल्सिन हलत नाहीये.’ प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाडाच्या पेशींवर काम करणारं कुणीतरी दर वर्षी हे घेऊन येतंच. ओस्टिओकॅल्सिन म्हणजे या पेशी बनवतात ते हाडातलं प्रथिन. मी आधी विचारते, बाटलीवर काय लिहिलंय?

बहुतेकदा कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे औषधाच्या दुकानातलं डी३. शरीरात त्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होते, तेव्हा कुठे कॅल्सिट्रिऑल बनतं. पेशीतला व्हीडीआर, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर, घट्ट पकडतो ते हेच. मग तो आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवून डीएनएवर बसतो आणि जनुकं चालू-बंद होतात. ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशी, स्वतः थोडंफार कॅल्सिट्रिऑल बनवतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका, थेट कॅल्सिट्रिऑल घाला.

दुसरी चूक माझ्या नाकाखाली घडली. एका विद्यार्थ्याचं ओस्टिओकॅल्सिन वाढायचं सोडून घटत होतं. पोस्टरची तारीख जवळ आलेली. त्याने दोनदा प्राइमर बदलले, आरएनए पुन्हा काढला. मीही त्याच्या पिपेटिंगला नावं ठेवली. तीन आठवडे गेले. मग एकदा इन्क्युबेटर उघडला तर फ्लास्कवर एमसी३टी३! उंदराच्या पेशी. कॅल्सिट्रिऑलने माणसाचं ओस्टिओकॅल्सिन वाढतं, उंदराचं घटतं. म्हणजे पोराचा डेटा अगदी बरोबर होता आणि मी उगाच ओरडले होते. आता प्रत्येक फ्लास्कवर प्राण्याचं नाव लाल मार्करने लिहिल्याशिवाय मी पुढचं बोलत नाही.

ओस्टिओकॅल्सिनच्या आधी सीवायपी२४ए१ हे जनुक बघा. सहा तासांत ते जोरात वाढायला हवं. नसेल वाढलं तर संप्रेरक (म्हणजे कॅल्सिट्रिऑल) मेलंय किंवा पेशी बहिऱ्या आहेत. ‘ते माझ्या विषयात नाही’ म्हणून ही पायरी गाळणारे पुढे महिना घालवतात. शिवाय हेच जनुक कॅल्सिट्रिऑलचा निकाल लावणारं एन्झाइम बनवतं, म्हणून ४८ तासांच्या प्रयोगात मी २४ तासांनी मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलून ताजा डोस देते.

कॅल्सिट्रिऑल इथेनॉलमध्ये विरघळवलेलं असतं, म्हणून ते न दिलेल्या कंट्रोलच्या वेलमध्येही (प्लेटच्या खळग्यात) तेवढंच इथेनॉल घाला. पेशींना घालतो त्या साध्या सिरममध्ये ड जीवनसत्त्वाचे अंश असतात, कोळशाने स्वच्छ केलेलं वापरा. एचएफओबी या माणसाच्या हाडपेशी ३७ अंशांना ठेवून ‘वाढत नाहीत’ म्हणू नका, त्यांना ३४ लागतं. एमजी-६३ या हाडपेशी कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या आहेत, हे लिहिताना आठवा. आपला नेहमीचा १० नॅनोमोलरचा डोस रक्तातल्या पातळीच्या सुमारे शंभरपट असतो. त्यावरून गोळ्यांचा सल्ला देऊ नका.

आणि कॅल्सिट्रिऑलच्या स्टॉकचं (साठवलेल्या दाट द्रावणाचं) झाकण घट्ट लावा. इथेनॉल उडालं की १० नॅनोमोलरचे किती झाले, देव जाणे.