पीक कर्ज उचलण्याआधी मातीचा रिपोर्ट हातात हवा

खरिपाच्या तोंडावर सोसायटीतली कर्जाची रांग आणि दुकानातली खताची रांग एकदमच लागते. मातीचा रिपोर्ट त्याआधी आला तरच कामाचा, म्हणून नमुना एप्रिलमध्ये, रान मोकळे झाल्यावर घ्या. खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा.

रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा वावरातच. जमिनीचा रंग, खोली किंवा उतार बदलला की नमुना वेगळा. एका तुकड्यात नागमोडी चालत 8-10 जागा निवडा. बांध, झाडाची सावली, विहिरीचा परिसर, उकिरड्याची आणि गुरे बांधायची जागा टाळा. पालापाचोळा सारून 20 सेंटिमीटर खोल, व्ही आकाराचा खड्डा घ्या, आतली माती फेकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत अंगठ्याएवढी जाड माती खरवडून काढा. सगळी एकत्र कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. वाळवायची ती सावलीत. फळबागेत 30, 60 आणि 90 सेंटिमीटरपर्यंतच्या थरांचे तीन नमुने वेगळे लागतात.

माती युरियाच्या रिकाम्या गोणीत भरली की नत्र वाढून येते आणि गंजके घमेले वापरले की लोह. प्लास्टिकचे घमेले आणि स्वच्छ कापडी पिशवी घ्या. आत चिठ्ठी: नाव, गाव, गट क्रमांक, जिरायत की बागायत, मागचे पीक, पुढचे पीक. पुढचे पीक लिहिले नाही तर खताची शिफारस कशाची करायची?

आता शुल्क. मृदा आरोग्य पत्रिका योजनेत गावाची निवड झाली असेल तर तपासणी मोफत असते. कृषी सहायकाला आधी तेच विचारा. स्वतःहून नमुना नेला तर सरकारी प्रयोगशाळेत तपासणीच्या प्रकारानुसार पैसे पडतात. सर्वसाधारण तपासणी स्वस्त, सूक्ष्म अन्नद्रव्यांची वेगळी आणि महाग. दोन्ही करा, मिळूनही डीएपीच्या एका गोणीइतका खर्च येत नाही. पावतीवर कोणती तपासणी लिहिली आहे ते तिथेच पाहा, नाहीतर जस्त-लोहाचे रकाने कोरे येतात.

रिपोर्टमध्ये अन्नद्रव्य ‘कमी’ असेल तर पिकाच्या शिफारशीत साधारण 25 टक्के वाढ आणि ‘जास्त’ असेल तर तेवढीच कपात करतात. समजा सोयाबीनला हेक्टरी 30:60:30 किलो नत्र, स्फुरद आणि पालाश द्यायचे, म्हणजे एकरी 12:24:12. डीएपीची 50 किलोची एक गोणी 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद देते. वर साडेसहा किलो युरिया आणि 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश घातले की हिशेब जुळतो. डीएपी मिळत नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या, 26 किलो युरिया आणि तेच 20 किलो पोटॅश. सोयाबीनला आम्ही हा दुसरा मार्गच सुचवू, कारण सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते. पालाश ‘जास्त’ निघाले तर पोटॅश 15 किलोवर आणा.

एक गैरसमज: रिपोर्ट दाखवून कर्ज वाढत नाही. कर्जाची मर्यादा जिल्ह्याने ठरवलेल्या पीक कर्ज दरावर (कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज) आणि क्षेत्रावर ठरते. रिपोर्टने ठरते ते त्यातले खतासाठी किती काढायचे. बँकेच्या किसान क्रेडिट कार्डावर व्याज काढलेल्या रकमेवरच लागते, त्यामुळे मंजूर आहे म्हणून सगळे उचलू नका. दुसऱ्या हप्त्याच्या युरियाचे पैसे तेव्हाच काढा.

3 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, वेळेत फेडल्यास 3 टक्के सूट, म्हणजे लाखाला वर्षाचे 4,000. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत आहे. ही सूट काही ठिकाणी आधी व्याज भरून घेऊन मग खात्यावर जमा करतात, त्यामुळे व्याजाची रक्कम हाताशी ठेवा. मुदत एका दिवसाने हुकली तरी सवलत जाते. नवे-जुने करण्यासाठी, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलण्यासाठी, मार्चअखेर सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे घेतले, तर वाचवलेले व्याज त्याच्याच घशात जाते.

कागद: सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, फार्मर आयडी आणि इतर बँकांचे बेबाकी (थकबाकी नसल्याचे) दाखले. 3 लाखांपर्यंतच्या कार्डाला प्रक्रिया शुल्क माफ आहे. मागितले तर कशाचे ते लेखी मागा.

दुकानात आधार घेऊन जा, पॉस मशीनवर अंगठा लागतो. 45 किलो युरियाची किंमत 266 रुपये 50 पैसे आहे. त्यासोबत नको असलेली बाटली किंवा विद्राव्य खत गळ्यात मारले, तर ते लिंकिंग. पक्के बिल घ्या आणि त्याच दिवशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, बिलाची प्रत जोडून.