विलायतेतल्या अडीच गुंठ्यांचा हिवाळा

इंग्लंडमध्ये अलॉटमेंटचा (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापाने 10 रॉड, साधारण 250 चौरस मीटर. आपले अडीच गुंठे. यादीत नाव लावून वाट पाहिल्यावर तो दिवाळीच्या सुमारास हाती आला, की लगेच मेथी-पालकाचं बी टाकायला हात शिवशिवतात, कारण डोक्यात रब्बी बसलेली असते. हात आवरा. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो, लंडनमध्ये तो आठ तासही भरत नाही. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवस 10 तासांच्या आत असतो आणि तेवढ्या उजेडात पालेभाजी तगली तरी वाढत नाही. हिवाळ्यात खुडायची कोथिंबीर-पालक ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पेरून फ्लीसखाली (थंडीपासून बचावाच्या हलक्या पांढऱ्या कापडाखाली) घ्यावी लागते. मेथीचा हट्ट खिडकीतल्या कुंडीत पुरवा.

नोव्हेंबरात लावण्यासारखा खरा लसूण. थंडी खाल्ल्याशिवाय त्याच्या पाकळ्या सुट्या होत नाहीत, नुसता एक गोळा होतो. पाकळी टोक वर करून, 15 सेंमी अंतरावर, टोकावर 2-3 सेंमी माती येईल अशी खोचा. पक्षी चार-सहा उपटतीलच, त्या परत खोचायच्या. बेणं मात्र बियाण्याच्या दुकानातलंच घ्या. वाणसामानातल्या लसणाबरोबर पांढरी सड आली, तर ती बुरशी पंधरा-वीस वर्षं जमिनीतून हलत नाही आणि कांद्यालाही धरते. ओळीभर ब्रॉड बीन्स टाकायचे असतील तर अ‍ॅक्वाडल्स ही जात थंडीला टिकते.

बाकी जमीन? तिथे वापसा, म्हणजे पावसानंतर माती कसण्याजोगी सुकणं, हा शब्द लक्षात ठेवा. इथल्या चिकणमातीला नोव्हेंबर ते मार्च धड वापसा येतच नाही. ओल्या मातीत फावडं घातलं की ढेकळं विटेसारखी वाळतात, आणि नुसतं चाललात तरी माती दडपते. तण मुळासकट काढा, वर पुठ्ठे अंथरा (चिकटपट्टी सोलून), त्यावर कुजलेलं शेणखत पसरा आणि घरी जा. उघड्या जमिनीतला नत्र पाऊस धुऊन नेतो. चुना द्यायचा असेल तर शेणखताबरोबर नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या.

शेणखत म्हणजे इथे बहुतेक घोड्याची लीद, तबेल्यातून फुकट मिळते. फुकटच्या खताने माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला. टोमॅटोची पानं नेच्यासारखी वळली, घेवड्याचे शेंडे पिळवटले. मी महिनाभर व्हायरस समजून रोपं उपटत बसलो. होतं ते तणनाशक. अमिनोपायरॅलिड कुरणावर मारलं तर गवतातून, घोड्याच्या पोटातून जाऊनही ते लिदीत शाबूत राहतं. गवतवर्गीय पिकांना त्याचं काही होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हापासून नवा ढीग आला की खत आणि माती कुंडीत कालवून घेवड्याचे चार दाणे टाकतो, शेजारी साध्या मातीची एक कुंडी. तीन-चार आठवड्यांत पानं सरळ आली तरच खत वाफ्यावर जातं. डिसेंबर-जानेवारीत हातात वेळही असतो.

कोबी-केलवर जाळी हवीच. बाहेर खायला उरलं नाही की कबुतरं सकाळभरात नुसते दांडे ठेवतात. जाळी पानांना टेकू देऊ नका, वरून टोचून खातात. लीक (कांद्याच्या जातीची जाड पात) आणि पार्सनिप (गाजरासारखं पांढरट मूळ) जमिनीतच राहू द्या. हिवाने पार्सनिपमधल्या पिठाची साखर होते.

बऱ्याच ठिकाणी थंडीत नळ बंद करतात, तेव्हा होजपाइप रिकामा करून ठेवा, नाहीतर गोठून फुटतो. अलॉटमेंटच्या समितीची माणसं हिवाळ्यातही फेरी मारतात, आणि ओसाड दिसणाऱ्या प्लॉटला नोटीस येते. झाकलेले वाफे त्यांना चालतात की नाही, ते आधीच विचारून घ्या. जानेवारीअखेर बटाट्याचं बेणं अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, थंड पण उजेडाच्या खोलीत मांडा. लागवड मार्चअखेर, तीही माती मुठीत दाबल्यावर भुसभुशीत फुटली तर.