ब्रॉयलरच्या खाद्यात प्रतिजैविकाऐवजी हळद, लसूण, ओवा: मिश्रण कसे करावे

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात रोज चिमूटभर प्रतिजैविक घालण्यामागचे कारण साधे आहे. आतड्यातले उपद्रवी जंतू दबून राहतात आणि खाल्लेले पक्ष्याच्या अंगी लागते. मात्र जंतू पुरते न मारणाऱ्या या छोट्या मात्रेतच ते औषधाला सरावतात, आणि पुढे खरा आजार आला की तेच औषध चालत नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके १ जानेवारी २००६ पासून बंद केली. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर पशुखाद्य आणि कुक्कुटपालनात बंदी आली.

वनस्पतींचे मिश्रण या रोजच्या चिमटीची जागा घेऊ शकते. औषधाची जागा ते घेत नाही, आणि लसीची तर नाहीच. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूंचे आजार आहेत, लसणाने थांबत नाहीत.

आधी पिशवीवरची चिठ्ठी वाचा

तयार खाद्य किंवा प्रीमिक्स (खाद्यात मिसळायचे तयार पूरक) घेत असाल तर त्यात बॅसिट्रॅसिन (बीएमडी), एनरामायसिन, टायलोसिन या वाढवर्धक प्रतिजैविकांपैकी काही आहे का ते पाहा. असेल तर वरून हळद घालून काहीच कळणार नाही. वाढवर्धक नसलेले खाद्य मागवा. कॉक्सीविरोधी औषध (सॅलिनोमायसिनसारखे) वेगळ्या कामाचे आहे. मिश्रण सुरू कराल त्याच बॅचमध्ये ते काढू नका, कारण कॉक्सी हा आतड्याचा आजार परजीवीमुळे होतो, जिवाणूमुळे नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ताची विष्ठा दिसली की उशीर झालेला असतो. करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी कंपनीच्या परवानगीशिवाय खाद्यात काहीच मिसळू नये.

शेड कोरडे नसेल तर थांबा

पक्ष्यांखाली अंथरलेल्या गादीचा तूस (भाताची टरफले) मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर तो सुटा झाला तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ड्रिंकर गळतोय का ते बघा, ओला तूस काढून नवा टाका, रोज गादी खालीवर करा. पाण्याच्या पाइपलाइनमधला चिकट थर दोन बॅचच्या मधल्या काळात धुऊन काढा. ओल्या गादीवर आणि घाण पाण्यावर प्रतिजैविकाने आजवर पांघरूण घातलेले असते. ते काढले की सगळे उघडे पडते आणि दोष हळदीवर जातो.

१०० किलो खाद्यासाठी माप

हळद ५०० ग्रॅम, लसणाची पूड ५०० ग्रॅम, ओवा २०० ग्रॅम, काळी मिरी ५० ग्रॅम. एकूण सव्वा किलो.

हळद पूड म्हणून विकत घेऊ नका. सांगली किंवा वसमतच्या बाजारातून हळकुंडे आणून दळा. सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. लसणाच्या पाकळ्यांचे पातळ काप सावलीत किंवा ५० अंशांच्या आतच वाळवा. लसूण चिरडला-भिजला की एका एन्झाइममुळे जंतूंना रोखणारे ॲलिसिन तयार होते, आणि जास्त उष्णतेत ते एन्झाइमच मरते. म्हणून भाजलेला, तळलेला लसूण इथे निरुपयोगी. साधारण ३ किलो ताज्या लसणापासून १ किलो पूड मिळते. ओव्यातले थायमॉल उडून जाणारे असते, त्यामुळे ओवाही भाजू नये आणि पंधरा दिवसांना पुरेल इतकाच कुटावा. मिरीतल्या पिपरीनमुळे हळदीतले कर्क्युमिन शोषले जायला मदत होते. पण ते इतर औषधांचेही शोषण वाढवू शकते, म्हणून उपचार चालू असताना मिश्रण चालू असल्याचे डॉक्टरांना सांगा.

सगळे रव्याएवढे जाड ठेवा. मैद्यासारखी पूड उडते, फीडरच्या तळाशी बसते आणि पक्षी ती सोडून देतात. ओलसर माल अजिबात नको. बुरशी लागली तर तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत बिघडते, म्हणजे फायद्यासाठी घातलेल्या वस्तूनेच वजन घटते.

कडुलिंबाची पाने बरेच जण घालतात. कडूपणामुळे खाणे कमी होते, म्हणून ब्रॉयलरमध्ये ती टाळलेली बरी. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात प्रथिने २५ टक्क्यांच्या आसपास असतात. गावरान पक्ष्यांना तो चांगला, तरी खाद्याच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका.

मिसळणे

सव्वा किलो पूड थेट ढिगावर टाकून फावड्याने हलवली तर एका फीडरमध्ये तिप्पट जाते आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी घमेल्यात पूड आणि तितकाच भरडलेला मका एकत्र करा, म्हणजे अडीच किलो. त्यात अडीच किलो मका, मग पाच किलो. हे दहा किलो ताडपत्रीवर उरलेल्या ९० किलोंवर पसरून तीन-चार वेळा ढीग उलटा. तयार क्रम्बल (दाणेदार खाद्य) असेल तर आधी किलोला ५ मिली सोयाबीन तेल चोळा आणि मग साडेबारा ग्रॅम पूड. असे खाद्य तीन दिवसांपुरतेच करा, नाहीतर तेलाला खवट वास येतो.

पहिले तीन दिवस पिल्लांना साधेच खाद्य द्या. चौथ्या दिवसापासून पाव मात्रा, सहाव्यापासून अर्धी, आठव्यापासून पूर्ण. एकदम पूर्ण दिल्यास वासाने पिल्ले फीडरपासून दूर राहतात, आणि पहिल्या आठवड्यात हुकलेले वजन सहसा भरून निघत नाही. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी लसणाचे पाणी, क्लोरीन, काहीही पाण्यात नको.

किती दिवस द्यायचे? इथेच पैसे जातात

हळद २०० रुपये, लसणाची पूड ३००, ओवा २५० आणि मिरी ७०० रुपये किलो धरली तर एक किलो खाद्यावर सुमारे ३ रुपये ३५ पैसे पडतात. पक्षी ३५ दिवसांत ३.३ किलोच्या आसपास खातो, म्हणजे पक्ष्यामागे ११ रुपये. पहिल्या २१ दिवसांत मात्र तो सव्वा किलोच खातो, म्हणजे चार रुपये वीस पैसे. आतडे घडण्याचा काळही हाच, म्हणून मिश्रण २१ दिवसांवर थांबवावे.

खाद्य ४० रुपये किलो असेल तर दोन किलोच्या पक्ष्याचा एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेले खाद्य, किलोत) १.६५ वरून १.६० वर आला की हा खर्च वसूल होतो. पूर्ण ३५ दिवस दिले तर १.५१ पर्यंत यावे लागेल. नुसत्या मसाल्याने तेवढी घट होईल अशी आशा धरू नये.

आधी २०० पक्ष्यांवर करून पाहा

एकाच दिवशी आलेल्या पिल्लांचे जाळी लावून १००-१०० चे दोन भाग करा. पडदे, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे साधन), ड्रिंकर सारखे. एका बाजूला मिश्रण, दुसरीकडे तेच वाढवर्धक नसलेले साधे खाद्य. टाकलेले खाद्य रोज वहीत लिहा. दर आठवड्याला त्याच वारी सकाळी खाद्य टाकण्याआधी प्रत्येक बाजूचे १० पक्षी तोला, आणि मोठे दिसतात ते निवडून नव्हे, कोपऱ्यात अडवून हाताला येतील ते. शेवटी खाल्लेले एकूण खाद्य भागिले विकलेले एकूण वजन. मरतूक वेगळ्या रकान्यात. एका बॅचवर ठरवू नका. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बघा.

मधेच विष्ठा पातळ झाली, पक्षी पिसे फुलवून बसले किंवा मरतूक अचानक वाढली तर मसाल्याची मात्रा दुप्पट करत बसू नका. मेलेला पक्षी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून उघडून घ्या. जिवाणूंचा आजार निघाला तर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे प्रतिजैविक पूर्ण दिवस द्या, आणि औषध थांबवल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तो माल गाडीत भरू नका.