वस्तीतले रुग्णालय बंद होऊ घातले असेल तर काय करावे

महापालिकेचे रुग्णालय एका आदेशाने, एका दिवसात बंद झाले असे सहसा घडत नाही. आधी रात्रीच्या प्रसूती थांबतात, मग भूलतज्ज्ञ नाहीत म्हणून शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागते, सोनोग्राफीसाठी बायकांना दुसरीकडे पाठवले जाऊ लागते आणि शेवटी ‘येथे रुग्णच येत नाहीत’ हे कारण पुढे केले जाते. आमच्या भागातील प्रसूतिगृहाच्या दारावर ‘दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद’ असा कागद चिकटवला होता. पावसाने त्याची शाई ओघळून गेली, तरी आत सिमेंटचे एक घमेलेही आले नव्हते. त्या कागदावर जावक क्रमांक नव्हता, सही नव्हती, तारीखही नव्हती. आणि हे आमच्या लक्षात येईपर्यंत कर्मचाऱ्यांच्या बदल्या होऊन गेल्या होत्या. म्हणून ज्या आठवड्यात पहिली सेवा थांबेल, त्याच आठवड्यात लेखी आदेशाची प्रत मागावी आणि मागणीपत्राची पोच घ्यावी.

प्रत मिळाली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे सगळे एका अर्जात न कोंबता तीन स्वतंत्र अर्ज द्यावेत. पहिल्यात गेल्या पाच वर्षांतील मंजूर, भरलेली व रिक्त पदे विचारावीत. दुसऱ्यात त्याच काळातील बाह्यरुग्ण, प्रसूती, शस्त्रक्रिया आणि इतरत्र पाठवलेले रुग्ण यांची महिनावार संख्या मागावी. तिसऱ्यात रुग्णालय बंद करण्याचा किंवा खासगी संस्थेकडे सोपवण्याचा प्रस्ताव, त्यावरील टिपणी, मंजुरीचा ठराव आणि इमारत धोकादायक ठरवली असल्यास स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील दाखल करावे.

पहिल्या दोन अर्जांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. भूलतज्ज्ञाचे पद ज्या महिन्यात रिकामे झाले, त्यानंतरच सिझेरियनची संख्या खाली आली असेल, तर रुग्ण रुग्णालयाकडे पाठ फिरवून गेले नाहीत, त्यांना परत पाठवले गेले, हे प्रशासनाच्याच आकड्यांवरून सिद्ध होते. माझ्या मते आंदोलनाच्या हातातील सर्वांत भक्कम कागद हाच असतो.

त्यानंतर विचारायचा प्रश्न असा, की हा निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे. लंडनच्या लुइशम भागातील लोकांनी आपले रुग्णालय याच प्रश्नावर वाचवले. शेजारच्या कर्जबाजारी रुग्णालय-न्यासाचा, म्हणजे सरकारी रुग्णालये चालवणाऱ्या संस्थेचा, कारभार सावरण्यासाठी नेमलेल्या प्रशासकाने त्या न्यासात नसलेल्या लुइशमच्या आपत्कालीन व प्रसूती सेवांना कात्री लावण्याची शिफारस केली आणि आरोग्यमंत्र्यांनी ती फारशी न बदलता स्वीकारली. जानेवारी २०१३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. तरी निकाल लागला तो अधिकाराच्या मुद्द्यावर: जुलैमध्ये उच्च न्यायालयाने प्रशासक व मंत्री आपल्या अधिकाराबाहेर गेल्याचे सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचे अपीलही फेटाळले गेले. लोक रस्त्यावर आले नसते तर खटला उभा राहिला नसता, आणि कायदा कोणी बारकाईने वाचला नसता तर मोर्च्यानंतरही सेवा गेल्या असत्या.

आपल्याकडे मुंबईपुरते बोलायचे, तर सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालवणे हे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. जमिनीकडेही लक्ष ठेवावे. विकास आराखड्यात भूखंड रुग्णालयासाठी राखीव असेल आणि ते आरक्षण बदलायचे असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी महिनाभराचीच मुदत मिळते, म्हणून वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना रोज वाचण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे.

इमारत खरोखरच धोकादायक असेल, तर ती रिकामी करण्यास विरोध करू नये. रुग्ण आणि परिचारिका यांच्या डोक्यावर छत कोसळण्याची वाट कोणी पाहू नये. मागणी करावी ती त्याच प्रभागात पर्यायी जागेची, तेथे त्याच पदांसह सेवा सुरू ठेवण्याची आणि नव्या इमारतीच्या तारखेची. ‘लवकरच’ हा शब्द लेखी उत्तरात स्वीकारू नये.

लोकांना जोडण्याची सुरुवात केसपेपरच्या खिडकीसमोरील रांगेतून करावी. पर्यायी रुग्णालयात जायला किती वेळ लागतो, रिक्षाला किती पैसे पडतात आणि त्या दिवसाचा रोज बुडतो का, एवढे तीनच प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. बचत गट आणि आशा सेविका यांच्यामार्फत हीच वही घरोघरी पोहोचते. परिचारिका व कक्षसेवकांशी आधी बोलावे, कारण रिक्त पदांचा भार तेच वाहत असतात आणि लोकांचा राग मात्र त्यांच्यावरच निघतो. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. त्यामुळे ध्वनिक्षेपकासह धरणे धरायचे असेल तर ते पोलिसांना लेखी कळवून प्रभाग कार्यालयासमोर धरावे, दाखल रुग्णांच्या खिडकीखाली नव्हे.

प्रत्येक अर्ज, पोच आणि उत्तर तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावे आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवावी, कारण उच्च न्यायालयात जनहित याचिका करण्याची वेळ आली तर वकील सर्वांत आधी तीच मागतील.