साहेब, पोस्ट तेवढी स्वतः लिहा

कंपनीच्या प्रमुखाची लिंक्डइन पोस्ट पीआरवाल्यांनी लिहिली असली की दुसऱ्याच ओळीत कळतं. 'कळवताना अत्यंत आनंद होत आहे', खाली रिबन कापतानाचा फोटो. लाइक करणारे सगळे ऑफिसातलेच, तेही अप्रेझल जवळ आलंय म्हणून.

त्यापेक्षा आठवड्याला एकच टाका, पण स्वतःची. शुक्रवारी दहा मिनिटं काढून मनात अडकलेली एक गोष्ट लिहा: शॉप फ्लोअरवरच्या ऑपरेटरने सुचवलेला बदल (त्याला विचारून नावही द्या), नाहीतर हातची गेलेली ऑर्डर. मुद्दा पहिल्या दोन ओळींत यायला हवा, कारण पुढचा मजकूर लिंक्डइन झाकून टाकतं.

आनंद महिंद्रांचं पाहा. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून बनवलेल्या, किक मारून सुरू होणाऱ्या चारचाकीचा व्हिडिओ त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये शेअर केला, बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात दिलीसुद्धा. नुसतं 'वा, छान' म्हणून ते थांबले असते तर कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

तक्रारीची कमेंट उडवू नका. कोण बघतंय आणि कधीपर्यंत कळवणार, एवढं लिहिलं तरी पुरतं.

कंपनी लिस्टेड असेल तर मात्र हात आवरा. निकाल, विलीनीकरण असलं काही आधी शेअर बाजाराला कळवायचं असतं. टेस्ला खासगी करण्याबद्दलच्या २०१८ मधल्या ट्वीटपायी इलॉन मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरावा लागला, मस्कचं अध्यक्षपदही गेलं. असली पोस्ट आधी कंपनी सेक्रेटरीला (कायदेशीर नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या अधिकाऱ्याला) दाखवा.